आनंदाचा इंदुकेदार

मनमोहनराव दाद मोजून देत. शिष्य गात असताना ते पानाचे देठ खुडत बसत, खिडकीतून गिरगावच्या गल्लीत कुणाच्या दारी व्हिक्टोरिया थांबली ते बघत, आणि फारच बरं गेलं तर त्यांची हनुवटी बोटभर खाली येई. ‘वा’ हा शब्द आनंदाच्या वाट्याला बारा वर्षांत चारदा आला होता. चारही वेळचे वार त्याला पाठ होते. गुरुजींच्या अंगात त्या दिवशी कुठला सदरा होता, तेही.

पहिला ‘वा’ एकोणपन्नास सालचा, भूपासाठी. दुसरा तानपुऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवून त्याने पहिल्यांदा नीट झंकार काढला तेव्हाचा. म्हणजे तो गाण्यासाठी नव्हताच, पण आनंदाने तो धरला होता. तिसरा छप्पन सालच्या जानेवारीतला. सगळी मुंबई पेटली होती, ट्राम बंद, बस बंद, आणि आनंदा लालबागहून गल्लीबोळांतून चालत बरोबर आठला गिरगावात हजर झाला. मनमोहनराव म्हणाले, “वा. आलास.” तोही त्याने धरला. चौथा मात्र बावनकशी होता. अठ्ठावन्नच्या दसऱ्याला, इंदुकेदारासाठी.

इंदुकेदार हा मनमोहनरावांच्या घरचा राग. त्यांच्या वडिलांनी तो बांधला, आणि वडील गेल्यावर मनमोहनरावांनी तो चारचौघांत कधी गायला नाही. जाणकारांनी त्याचं नाव तेवढं ऐकलेलं. असा राग गिरणीत साचा, म्हणजे कापडाचा माग, चालवणाऱ्या पोराच्या गळ्यात उतरवायचा म्हणजे मनमोहनरावांसारख्या जुन्या प्रभू घरातल्या माणसाने आपल्या देव्हाऱ्याची किल्लीच दिली म्हणायची. निदान आनंदाने तसं मानलं. आठ महिने तो वर जातानाच्या धैवताशी झटत होता. गुरुजी सांगत, “सरळ लाव. लाजू नकोस त्याला. हाच या रागाचा जीव.” दसऱ्याच्या सकाळी तो सूर सरळ, उभा, समईच्या ज्योतीसारखा लागला. मनमोहनराव देठ खुडायचे थांबले आणि म्हणाले, “वा.”

त्या ‘वा’साठी आनंदाने काय काय सोडलं होतं, ते लालबागला कुणालाही विचारावं. त्याचा बाप कुशाबा चाळीतल्या भजनी मंडळाचा बुवा. बारा वर्षांपूर्वी गिरणीच्या गणपतीत मनमोहनरावांची बैठक होती, तेव्हा चौदा वर्षांच्या आनंदाने आधी एक भजन म्हटलं. मनमोहनराव कुशाबाला म्हणाले, “हा गळा माझ्याकडे पाठवा. पण एक अट. भजन बंद. टाळकुट्यांत बसून सूर पसरट होतो.” कुशाबाने त्या रात्री आनंदाचे टाळ पिशवीत घातले आणि पिशवी खुंटीला लावली. पुढे मंडळ भरलं की आनंदा गॅलरीत जाऊन उभा राहायचा.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आली. अख्खं गिरणगाव ओरडत होतं, आणि अख्ख्या गिरणगावात ज्याचा आवाज सगळ्यांत खणखणीत तो आनंदा मे महिन्यातही गळ्याला मफलर गुंडाळून फिरत होता. कलापथकवाले तीनदा दारात येऊन गेले. गुरुजींनी बजावलं होतं, “मोर्च्यात आवाज फाटला तर इथली पायरी चढू नकोस.” चाळीने त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं. कुशाबाच्या खांद्यावर लाठी बसली त्या सकाळी मौनीबाबा गिरगावात पलटे घोटत होता. त्याची आई गंगूबाई गाववाल्या वीस जणांची खानावळ चालवायची. ती जेवणाऱ्यांना सांगे, “हसा, हसा. उद्या ह्योच तुमचा नाव काढतलो.”

आता उद्या आला होता. साठ सालचा मे महिना, नवं राज्य झालेलं, आणि दादरच्या एका संगीत मंडळाने त्या आनंदात तीन दिवसांचं संमेलन ठरवलं. लालबाग-परळच्या मंडळींनी हट्ट धरला की पहिल्या दिवशी एक तरी गवई गिरणगावातला हवा. छापील हस्तपत्रकावर नाव आलं: ‘आनंदा, मनमोहनरावांचे शिष्य.’ शाई वाळली नव्हती तोच आनंदाने ते एक उचललं, पाळीला अर्धी रजा टाकली आणि दुपारी चारला गिरगाव गाठलं. त्याची वेळ सकाळची. बारा वर्षांत तो दुपारचा कधी त्या जिन्यावर चढला नव्हता.

जिन्याच्या वळणावर इंदुकेदार कानावर आला. गळा मनमोहनरावांचा पुतण्या कमलाकांत याचा. हा कमलाकांत बँकेत होता, सेंटचा रुमाल वापरायचा, आणि त्याच्याकडे गवयाला लागणारं सगळं होतं: घराणं, शेरवानी, ओळखी. गळा तेवढा राहून गेला होता. आनंदाला या घरात चहा मिळे तो कान तुटलेल्या कपातून. तो कप खिडकीच्या कट्ट्यावर वेगळा असे, आणि कमलाकांतचा ठरलेला विनोद होता: “गवयाला कान असला म्हणजे झालं, कपाला नसला तरी चालतो.” आनंदा दरवेळी हसायचा.

कमलाकांत सुरांत वर चढत होता, आणि चढताना त्याने धैवत घेतला. मांडीवर थाप पडल्याचा आवाज आला.

“धैवत नाही!” मनमोहनराव म्हणाले. “किती वेळा सांगू? वर जाताना गाळायचा. येताना नुसता निसटता दिसला पाहिजे. सरळ लावलास की तो झाला आनंदाचा इंदुकेदार!”

आणि दोघंही हसले.

आनंदाचा पाय पायरीवरच राहिला.

“पण काका,” कमलाकांत म्हणाला, “तो पहिल्या दिवशी हाच राग गाणार. मी तिसऱ्या दिवशी. लोक म्हणतील, एका घरचे दोघे आणि राग दोन.”

“म्हणू देत ना. मी समोरच असणार. कुणी विचारलं तर सांगेन, बिचाऱ्याची तालीम अर्धी राहिली. गिरणीतून वेळ कुठे मिळतो त्याला? चल, पुन्हा. धैवताशिवाय.”

आनंदाने ऐकलं. आणि वाईट हे, की त्याच्यातल्या गवयाला ते लगेच पटलं. धैवत गाळल्यावर तो राग असा काही उजळला, की आठ महिने आपण एका सुंदर बाईच्या नाकावर काजळ लावत होतो हे त्याला कळून चुकलं. तो जिना उतरला. हस्तपत्रक हातात होतं, घामाने त्याच्या नावाची शाई अंगठ्याला लागली होती.

लालबागला पोचेपर्यंत त्याने चारही ‘वा’ पुन्हा तपासले. दोन गाण्याचे नव्हतेच. आणि चौथा, तो बावनकशी? तो चूक पक्की बसली म्हणून दिलेला होता. बारा वर्षांची जमा म्हणजे एकटा भूप.

गंगूबाईने ताट वाढलं. कुशाबा पाळीवरून येऊन पाय धूत होता. लेकाच्या तोंडाकडे बघून म्हणाला, “काय झाला रे? कोण मेला की काय?”

“बाबा, साच्यावर तुटल्या धाग्याला गाठ मारायला तुम्हाला कुणी शिकवलं?”

“ही काय जेवतानाची गजाल? मुकादमान शिकवल्यान. कोंडीराम मुकादम. पण खोटी शिकवल्यान.”

“खोटी म्हणजे?”

“म्हणजे एक पीळ कमी. गाठ दिसता बरी, पण साचो सुरू झालो की धागो तुटता. मगे आपण परत त्याच्याच पायाशी. नव्या माणसाक तो असाच शिकवायचो, म्हणजे माणूस हाताखाली ऱ्हवता.” कुशाबा पाय पुसत हसला. “मी सा महिन्यांनी वळाखलंय.”

“मग भांडलात?”

“येडो काय? भांडलो असतंय तर तो म्हणालो असतो, ह्याका शिकूक येणा नाय. मी काय केलंय, मोठो सायब खात्यात इलो तेव्हा त्याच्यासमोर, मुकादमाच्या देखत, तीच गाठ मारलंय. आणि वरड मारून सांगितलंय, सायब, ही आमच्या कोंडीराम मुकादमाची गाठ, अशीच शिकवली, बघा बरोबर हाय काय. आता तो काय बोलतलो? खोटी म्हणालो तर शिकवल्यान कोणी? सायबासमोर दात काढून म्हणता कसो, हां हां, बरोबर हाय.” 

“आणि मग?”

“मगे काय? धागो तुटलो की सायब त्याका धरी, माका नाय.”

आनंदा जेवला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो नेहमीसारखा गिरगावात हजर होता. कान नसलेल्या कपातून चहा प्यायला, इंदुकेदार घोटला, धैवत सरळ लावला. मनमोहनरावांची हनुवटी बोटभर खाली आली. आनंदाने त्या हनुवटीकडे पहिल्यांदाच नीट बघितलं.

संमेलनाचा मांडव दादरला एका शाळेच्या पटांगणात होता. पुढे खुर्च्यांवर जाणकार, मागे सतरंज्यांवर लालबाग-परळ. जाणकारांत पहिली खुर्ची मनमोहनरावांची आणि तिच्या शेजारची अप्पांची. अप्पांनी आयुष्यात एक सूर लावला नव्हता, पण निदान शंभर गवयांच्या सुरांतली खोट काढली होती. ते काय म्हणतात ते दुसऱ्या दिवशी दादरपासून गिरगावपर्यंत सगळे म्हणत.

आनंदा बसला. तानपुरे जुळले. मागून कुणीतरी ओरडलं, “मौनीबाबा, तोंड उघडा!” आणि सतरंज्या हसल्या.

गुरूचं नाव घेताना गवई कानाच्या पाळीला हात लावतो. आनंदाने दोन्ही कानांना लावला.

“मंडळी, माझे गुरुजी इथे बसले आहेत. इंदुकेदार हा त्यांच्या घरचा राग. मला तो त्यांच्याकडून मिळाला, आणि मिळाला तसाच मी गाणार आहे, पदरचं काही नाही. वर जाताना धैवत सरळ लागतो, हाच या रागाचा जीव, हे शब्द गुरुजींचे. अठ्ठावन्नच्या दसऱ्याला त्यांनी याच सुराला ‘वा’ दिला. आज माझं कुठे चुकलं तर त्यांनी तिथल्या तिथे हात वर करावा. मी थांबेन, दुरुस्त करेन आणि मगच पुढे जाईन.”

“अरे वा,” अप्पा म्हणाले, “शिष्य असावा तर असा. मनमोहनराव, नीट लक्ष द्या हं. आम्हीही तुमच्या हाताकडेच बघत राहू.”

मनमोहनरावांनी देठ खुडायला घेतला. तो पहिल्याच चिमटीत तुटला.

आनंदाने घाई केली नाही. खालच्या सुरांत अर्धा तास घातला. मांडव हळूहळू गप्प झाला. सतरंजीवरच्या लोकांना रागाचं नाव ठाऊक नव्हतं, पण आपला माणूस एका दाराकडे चाललाय एवढं कळत होतं. मग तो वर चढायला लागला. मध्यम, पंचम. आणि तिथे थांबून त्याने गुरुजींच्या डोळ्यांत पाहिलं. अप्पांनी पाहिलं. सगळ्या खुर्च्यांनी पाहिलं.

आनंदाने धैवत लावला. सरळ, उभा.

मनमोहनरावांचा हात वर गेला.

तबलजीने ठेका हलका केला. आनंदा त्या सुरावरच उभा राहिला, श्वास पुरेल तितका. मनमोहनरावांचा हात खांद्याच्या वर होता. तोंड उघडं होतं. त्या उघड्या तोंडातून काय निघावं याचा हिशेब त्यांनी त्या दोन मात्रांत केला असणार. चूक म्हणावं, तर ‘शिकवली कुणी?’ हा सवाल अप्पांच्या ओठांवर तयार. तालीम अर्धी म्हणावं, तर दसऱ्याच्या ‘वा’चं काय? आणि मागे सतरंज्यांवर अख्खं गिरणगाव, नुकतंच एक राज्य पदरात पाडून बसलेलं.

हात तसाच हवेत फिरला आणि तळवा आनंदाकडे झाला.

“वा,” मनमोहनराव म्हणाले.

पाचवा.

मांडवात टाळ्या वाजल्या. अप्पांनी डोळे पुसले. आनंदाने तो धैवत नंतर अकरा वेळा लावला, आणि अकराही वेळा त्याला आतून ठाऊक होतं की ही जागा मोकळी असायला हवी होती.

तिसऱ्या दिवशी कमलाकांत शेरवानी घालून बसला आणि इंदुकेदार गायला. अगदी बरोबर. वर जाताना त्याने धैवत गाळला.

अप्पा खुर्चीत चुळबुळले. “मनमोहनराव, पोरगं धैवत विसरलं की काय?”

“घाबरलाय,” मनमोहनराव हळूच म्हणाले.

“घाबरला तर सूर डगमगतो हो, अख्खा गिळून टाकत नाही कुणी. रागाचा जीवच काढून घेतला की! खरं सांगू? रागावू नका. घरचा हा असला, तरी तालीम तुम्ही त्या आनंदाला जास्त दिलीत. तुमचं मोठेपण आहे ते. आम्ही आता म्हणणार, इंदुकेदार ऐकावा तो आनंदाचा!”

मागच्या खुर्चीवर आनंदा बसला होता. जिन्यावर ऐकलेले तेच दोन शब्द. त्याला वाटलं होतं, ते असे उलटून ऐकू आले की छातीतला दगड उतरेल. दगड होता तिथेच होता.

मांडवामागे, जिथे तानपुऱ्यांना गवसण्या चढवत होते तिथे, मनमोहनराव त्याच्याकडे आले. दोन दिवसांत म्हातारे दिसायला लागले होते.

“कधी कळलं तुला?”

“हस्तपत्रक दाखवायला आलो होतो. दुपारी.”

“हं.” ते एका खोक्यावर बसले. “वडिलांनी मला सांगितलं होतं, घराबाहेर विद्या देशील तेव्हा एक सूर ठेवून घे. मी ठेवला. कमलाकांतकडे बघ. त्याच्याकडे काय आहे? तुझ्याकडे तो गळा. म्हटलं, एका सुराचं तरी खरं ज्ञान त्याच्याकडे तुझ्यापेक्षा जास्त असू दे.”

“राग परत मागितला असता तर सोडला असता, गुरुजी. तुम्ही म्हणाला असतात, तो राग गाऊ नकोस, तर जन्मात गायलो नसतो. भजन सोडलं. छप्पन साली तोंड शिवून बसलो. बापाला लाठी पडली तेव्हा मी तुमच्याकडे पलटे घोटत होतो.”

मनमोहनरावांनी शेजारच्या गवसणीची सुटलेली नाडी बांधून टाकली.

“तुमच्याकडून अठरा राग घेतलेत मी,” आनंदा म्हणाला. “बाकीच्या सतरांत काय काय ठेवून घेतलंय?”

“काही नाही. सतराही खरे आहेत. पुरे दिलेत.” त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. “वडिलांची शपथ.”

कदाचित ते खरंही असेल. मनमोहनराव उगाच शपथ घेणाऱ्यांतले नव्हते. आनंदा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. याच तोंडाने ‘सरळ लाव, लाजू नकोस’ म्हटलं होतं, आणि तेव्हाही ते असंच दिसत होतं. मग त्याने वाकून नमस्कार केला, सवयीने, आणि निघाला.

लालबागला चाळीने पेढे आणले होते. कलापथकवालेही आले होते, छप्पनचं मागचं विसरून. गंगूबाई ज्याला त्याला सांगत होती, “मी म्हणालंय नाय, नाव काढतलो?”

“चल रे मौनीबाबा,” कुणीतरी म्हणालं, “दादरवाल्यांना ऐकवलंस, आता आम्हाला.”

आनंदाने भूप धरला. भूप बिनधोक. पाच सुरांचा, जगाला ठाऊक असलेला. सा, रे, आणि गंधारावर तो थांबला. सूर नीट लागला होता. तरी त्याने तो उगाच एकदा तपासला, मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा तपासताना श्वासच संपला.

“काय झाला?” कुशाबाने विचारलं.

“काय नाय. दुसरं काहीतरी म्हणूया.”

कुशाबाने खुंटीवरची पिशवी काढली. टाळ काळे पडले होते. “मगे आपला म्हण. गणपतीत म्हणालेलंस ता.”

आनंदाने बारा वर्षांनी भजनाची ओळ उचलली. चाळ डोलायला लागली. दुसऱ्या ओळीला त्याचा गळा आपोआप वर गेला, आणि कुशाबाने टाळ धरून ठेवले.

“थयसर तसा नाय रे. तो सूर खाली.”

“नक्की, बाबा?”

कुशाबा चकित झाला. या पोराने लहानपणी त्याला असं कधी विचारलं नव्हतं. “माका काय म्हायत? माझ्या बापाशीन सांगल्यान तसा सांगतंय.”

सगळे हसले. आनंदाने बापाने सांगितलेला सूर लावला. बरोबर बसला. टाळ पुन्हा सुरू झाले, गंगूबाईने मान डोलावली; आणि आनंदाने, गाता गाता, एकदा बापाच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं.